विंडोज ११ ला विंडोज ७ चं रूप कसं द्यायचं : अण्णांच्या लॅपटॉपवर केलेला सगळा उद्योग

सोलापुरात चाटी गल्लीजवळ आमच्या थोरल्या चुलत्यांचं चादरी-टॉवेलचं होलसेल दुकान आहे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दुकानातला विंडोज ७ वाला जुना डबा गेल्या उन्हाळ्यात एकदाचा बसला, मदरबोर्डच गेला, म्हणून मी नवीन लॅपटॉप आणून दिला, विंडोज ११ वाला. पहिल्याच दिवशी दुपारी फोन आला. "का बे, खाली डावीकडचं बटण कुठं गेलं? आणि हे मधी काय गोळा करून ठेवलंय?"

मी जाऊन बघतो तर अण्णा पावत्या बघत बघत, स्क्रीनकडं न बघताच माऊस खाली डाव्या कोपऱ्यात नेतायत, क्लिक करतायत, आणि तिथं स्टार्टच्या ऐवजी हवामानाचा पत्रा उघडतोय. सोलापूर, ४२ डिग्री, ऊन. "हे सांगायला कॉम्प्युटर कशाला पायजे?"

तर हा लेख त्या पत्र्यापासून सुरू झाला असं समजा. मला तीन रविवार लागले, त्यातला एक तर माझ्याच चुकीनं वाया गेला. तुम्हाला एका दुपारीत व्हावं म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. "मग सरळ विंडोज ७ च टाकून दे की" असं दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणतो. टाकू नका. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला (ऐन गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, म्हणून माझ्या लक्षात राहिलंय), क्रोमनं पण १०९ नंबरच्या व्हर्जननंतर ७ ला सोडून दिलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर जीएसटीचं रिटर्न भरायचं, बँक उघडायची, ते आतनं नवीनच पाहिजे. आपल्याला फक्त वरचा रंग जुना द्यायचाय.

१) आधी अर्धा तास नुसतं बघत बसा

हे सगळे टाळतात आणि मग फसतात. ज्याच्यासाठी करताय त्याच्या शेजारी वही घेऊन बसा आणि त्याचा हात कुठं कुठं जातो ते लिहा. अण्णांची यादी एवढीच निघाली: डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट, त्यातनं 'ऑल प्रोग्रॅम्स', डेस्कटॉपवरचं माय कॉम्प्युटर, खालच्या पट्टीवर फाईलचं नाव लिहिलेली बटणं, राइट क्लिक करून कॉपी-पेस्ट, आणि उजव्या कोपऱ्यात टोकाला क्लिक करून सगळं खाली पाडणं. बास. खिडक्यांचे कोपरे गोल झालेत का चौकोनी आहेत हे त्यांना आजपर्यंत कळलेलं नाही, आणि मी मात्र पहिला अख्खा रविवार त्या कोपऱ्यांच्या मागं घालवला होता.

म्हणजे शंभर टक्के नक्कल करायच्या नादी लागू नका. हाताला जे पाठ आहे तेवढं जागेवर आणा.

२) काय काय जमवून ठेवायचं

- मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना दुकानदारानं स्वतःच्याच ईमेलवर चालू करून दिला नाही ना, ते बघून घ्या. असं सर्रास होतं.
- अॅडमिन हक्क असलेलं लॉगिन.
- एक पेनड्राइव्ह, ८ जीबीचा पण चालतो.
- जुन्या मशीनची हार्डडिस्क जिवंत असेल तर ती, आणि ती लॅपटॉपला जोडायची साटा टू यूएसबी केबल. जुना वॉलपेपर, आवाज आणि मराठी फॉन्ट ह्यातनंच काढायचेत.
- कागद आणि पेन. खरंच.
- चार्जर लावलेला असू द्या, आमच्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

३) परतीची वाट आधी तयार करा

स्टार्टमध्ये 'रिस्टोअर पॉइंट' असं इंग्रजीत टाइप केलं की 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' येतं. ते उघडा. सी ड्राइव्हच्या पुढं प्रोटेक्शन 'ऑफ' दिसलं तर 'कॉन्फिगर' मध्ये जाऊन चालू करा, थोडी जागा द्या, मग 'क्रिएट' दाबून नाव द्या. मी नाव दिलं होतं 'अण्णांच्या आधी'.

आता दुसरं, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बऱ्याच नवीन लॅपटॉपवर डिस्क आपोआप लॉक केलेली असते, त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. रोजच्या वापरात ते कळत पण नाही. पण काही बिघडलं आणि तुम्ही रिकव्हरीच्या निळ्या स्क्रीनवर गेला की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती नसली की तुम्ही बाहेर आणि तुमचा डेटा आत. ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ब्राउझरनं लॉगिन केलं की डिव्हाइसच्या माहितीत सापडते. आत्ताच काढा, कागदावर लिहा, दोनदा तपासा. अण्णांची मी गल्ल्यातल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलीय.

४) खालची पट्टी (ह्याला काही डाउनलोड लागत नाही)

डेस्कटॉपवर सगळ्यात खाली टास्कबारवर मोकळ्या जागी राइट क्लिक, 'टास्कबार सेटिंग्स'. इथं:

'सर्च' ला 'हाइड' करा. 'टास्क व्ह्यू' बंद. 'विजेट्स' बंद, हाच तो ४२ डिग्रीचा पत्रा.

मग खाली 'टास्कबार बिहेवियर्स' उघडा. 'टास्कबार अलाइनमेंट' ला 'लेफ्ट' करा, स्टार्ट गेला कोपऱ्यात. त्याच्याच खाली 'कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स' आहे, त्याला 'नेव्हर' करा. ही सोय विंडोज ११ मध्ये सुरुवातीला नव्हतीच, २०२३ मध्ये परत दिली, त्यामुळं तुमच्याकडं दिसत नसेल तर आधी विंडोज अपडेट मारा. ह्यानं काय होतं तर तीन एक्सेल उघडल्या तर तीन वेगळी बटणं, नावासकट. अण्णांना अर्धं समाधान इथंच झालं, कारण कुठली पार्टी कुठल्या फाईलमध्ये आहे हे ते खालच्या पट्टीवरच वाचतात.

आणि शेवटची खूण, टास्कबारच्या टोकाच्या कोपऱ्यावर क्लिक केलं की डेस्कटॉप दाखवायचा, 'फार कॉर्नर' असा शब्द आहे त्या ओळीत. ती लावा.

टास्कबार वरच्या किंवा बाजूच्या कडेला घेऊन जायची सवय असलेला माणूस असेल तर त्याला मात्र आधीच सांगून ठेवा की ते विंडोज ११ घेऊन आलं तेव्हा काढून टाकलंय. त्यासाठी यूट्यूबवर रजिस्ट्रीची (विंडोजच्या आतल्या सेटिंगची वही) जी युक्ती दाखवतात ती पहिल्या पहिल्या व्हर्जनची आहे, त्यात वेळ घालवू नका.

५) स्टार्ट मेनू : ओपन-शेल

सगळ्यात मोठा फरक इथं पडतो. ओपन-शेल हे स्टार्ट मेनू जुन्यासारखा करून देणारं फुकट सॉफ्टवेअर आहे. पूर्वी क्लासिक शेल म्हणून होतं, ते बनवणाऱ्यानं २०१७ मध्ये काम थांबवून कोड सगळ्यांना खुला केला, मग बाकीच्या लोकांनी ते ओपन-शेल नावानं पुढं चालू ठेवलं. डाउनलोड करायचं ते गिटहबवरच्या (सॉफ्टवेअरचा कोड ठेवायची साइट) त्यांच्या पानावरनंच. गुगलवर नाव टाकलं की वर हिरवी 'डाउनलोड' बटणं असलेल्या भलत्याच साइट येतात, तिकडं फिरकू नका.

टाकायच्या आधी एक तपासा: सेटिंग्स, सिस्टिम, 'अॅक्टिव्हेशन'. तिथं 'एस मोड' लिहिलेलं असलं तर स्टोअरच्या बाहेरचं काहीच इन्स्टॉल होणार नाही. त्यातनं बाहेर पडायला पैसे लागत नाहीत पण एकदा बाहेर आला की परत एस मोडमध्ये जाता येत नाही, एवढं लक्षात ठेवून करा.

इन्स्टॉल करताना तो विचारतो काय काय टाकू. मेनू आणि अपडेट एवढंच ठेवा, 'क्लासिक एक्सप्लोरर' आणि 'क्लासिक आयई' वर काट मारा. गरज नसताना जास्तीची माणसं कामाला ठेवायची नाहीत.

झालं की स्टार्टवर क्लिक करा, सेटिंगची खिडकी येते. तीन प्रकार दिसतात: क्लासिक, दोन खणांचा क्लासिक, आणि 'विंडोज ७ स्टाइल'. एक्सपीची सवय असलेल्यांना दुसरा द्या, ७ वाल्यांना तिसरा. 'स्किन' मध्ये 'विंडोज एरो' निवडा, काचेसारखा निळसर मेनू येतो. 'रिप्लेस स्टार्ट बटन' ची खूण पण तिथंच आहे, हवी तर गोल बटण लावा. ते अगदी ७ चं बटण नाही, वेगळं चित्र आहे, पण गोल आहे आणि कोपऱ्यात आहे. अण्णांनी ओळखलं.

नंतर जे रोज लागतं, टॅली, एक्सेल, कॅल्क्युलेटर, ते मेनूतच राइट क्लिक करून वर पिन करून ठेवा. क्रम जुन्या मशीनवर होता तसाच लावा, हे फार महत्त्वाचंय, टॅली दुसऱ्या नंबरवर असायची तर दुसऱ्याच नंबरवर ठेवा. मी पहिल्यांदा टॅली सगळ्यात वर ठेवली होती, म्हटलं सोयीचं होईल, आणि अण्णा आठवडाभर कॅल्क्युलेटर उघडत राहिले.

नवीन स्टार्ट कधी लागलाच तर शिफ्ट दाबून स्टार्टवर क्लिक करायचं, तो आत जागेवरच असतो.

सगळं मनासारखं लागलं की ओपन-शेलच्या सेटिंगमध्येच 'बॅकअप' आहे, तिथनं सेटिंगची फाईल पेनड्राइव्हवर सेव्ह करा. उद्या दुसऱ्या मशीनवर हेच पाहिजे असेल तर दोन मिनिटांचं काम.

६) डेस्कटॉप आणि माय कॉम्प्युटर

नवीन लॅपटॉपवर डेस्कटॉपवर माय कॉम्प्युटर नसतंच. डेस्कटॉपवर राइट क्लिक, 'पर्सनलाइझ', 'थीम्स', 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्स', आणि कॉम्प्युटर, रिसायकल बिन, कंट्रोल पॅनल ह्यांच्या खुणा लावा. आता त्याचं नाव 'धिस पीसी' असं येतं. त्याच्यावर एकदा क्लिक करून एफ२ दाबा आणि काय पाहिजे ते नाव लिहा. खरं तर विंडोज ७ मध्ये नुसतं 'कॉम्प्युटर' होतं, 'माय' एक्सपीतच संपलं, पण अख्खं सोलापूर अजून माय कॉम्प्युटरच म्हणतंय तर आपण का वाद घाला.

फोल्डर उघडला की नवीन विंडोज 'होम' दाखवतं, त्यात अलीकडच्या फाईलींची खिचडी. वरच्या तीन टिंबांत 'ऑप्शन्स', तिथं पहिल्याच ओळीत 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' ला 'धिस पीसी' करा. आणि 'व्ह्यू' मध्ये 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' ला खूण लावा, ओळी परत जवळजवळ येतात. नाहीतर दोन ओळींत एवढी जागा सोडलीय की मधनं रिक्षा जाईल.

७) राइट क्लिक

नवीन मेनूत कट-कॉपी-पेस्टची चित्रं वर एका ओळीत बसवलीत आणि बाकीचं 'शो मोअर ऑप्शन्स' च्या मागं. सोपा उपाय म्हणजे शिफ्ट धरून राइट क्लिक करायचं, थेट जुना मेनू येतो. हे अण्णांना मी एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या वर चिकटवून दिलं, तीन दिवसांत सवय झाली. कायमचा जुना मेनू आणायला रजिस्ट्रीत एक आकडा घालतात, पण तो एवढा लांबलचक आहे की एक अक्षर चुकलं तर काहीच होत नाही, वर रजिस्ट्रीत नवख्यानं हात घालावा असं मला वाटत नाही. शिफ्टनं भागतंय.

८) रंग, वॉलपेपर, आवाज

पट्टीला जुना निळा रंग द्यायला 'पर्सनलाइझ', 'कलर्स' मध्ये जायचं. इथं सगळे अडकतात: रंग टास्कबारवर दाखवायची खूण पुसटच असते, लागतच नाही. कारण 'लाइट' मोडमध्ये ती चालत नाही. मोड 'कस्टम' करा, त्यात विंडोजसाठी 'डार्क' आणि अॅपसाठी 'लाइट' निवडा, मग खाली स्टार्ट-टास्कबारची आणि खिडक्यांच्या वरच्या पट्टीची अशा दोन्ही खुणा लागतात. आकाशी निळा घ्या, 'ट्रान्सपरन्सी' चालू ठेवा. काचेसारखं अगदी नाही होत, पण लांबनं तसंच दिसतं.

वॉलपेपर इंटरनेटवरनं शोधायची गरज नाही. जुनी हार्डडिस्क केबलनं जोडा, तिच्या 'विंडोज' फोल्डरमध्ये 'वेब', त्यात 'वॉलपेपर', त्यात परत 'विंडोज', तिथं विंडोज ७ चं ते निळं चित्र पडलेलं असतं. आवाज 'विंडोज' मधल्या 'मीडिया' फोल्डरमध्ये. दोन्ही नवीन मशीनवर आपल्या स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, नवीन विंडोजच्या फोल्डरवर पेस्ट करू नका. आवाज बदलायला सेटिंग्स, सिस्टिम, 'साउंड', सगळ्यात खाली 'मोअर साउंड सेटिंग्स', 'साउंड्स' चा टॅब. चुकलं की वाजणारा 'टंग' आणि रिसायकल बिन रिकामा केल्यावरचा खर्रर्र असे दोनच मी बदलले. मशीन चालू होतानाचा सूर मात्र ह्या यादीतनं बदलत नाही, तो फक्त चालू किंवा बंद करता येतो.

अक्षरं बारीक वाटत असतील (नवीन स्क्रीनवर वाटतातच) तर सेटिंग्स, 'अॅक्सेसिबिलिटी', 'टेक्स्ट साइझ'. म्हाताऱ्या माणसासाठी वॉलपेपरच्या आधी हे करा.

९) जुने मराठी फॉन्ट

दुकानाचं लेटरहेड, जुनी दरपत्रकं बहुतेक युनिकोडच्या (आता सगळीकडं चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये असतात. नवीन मशीनवर उघडली की 'सोलापुरी चादर' च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. फाईल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. जुन्या डिस्कच्या 'विंडोज' मधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधनं तेवढे फॉन्ट कॉपी करा, राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स'. नवीन टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करा, 'लँग्वेज अँड रीजन' मध्ये मराठी घातली की 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड मिळतो, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबलं की भाषा बदलते.

१०) सापळे, ह्यातले दोन मी स्वतः खाल्लेत

स्किन पॅक. 'एका क्लिकमध्ये विंडोज ७' असं लिहिलेलं असतं. मी टाकला एक. आयकॉन बदलले, बरोबर ब्राउझरचं पहिलं पान बदललं, कोपऱ्यात लॉटरीच्या जाहिराती यायला लागल्या, आणि काढायला गेलो तर अर्धे आयकॉन पांढरे पडले. शेवटी 'अण्णांच्या आधी' वर परत गेलो.

टास्कबारच्या आत हात घालणारी सॉफ्टवेअर. एक्सप्लोररपॅचर हे फुकट मिळतं, स्टार्टऑलबॅक पैसे देऊन, आधी काही दिवस फुकट वापरून बघता येतं. ह्या जातीची सॉफ्टवेअर दिसायला एक नंबर असतात, ओपन-शेलपेक्षा जास्त हुबेहूब करतात. पण मायक्रोसॉफ्टनं ११ मध्ये टास्कबार नव्यानं लिहिलाय, आणि ही सॉफ्टवेअर त्या चालू प्रोग्रॅमच्या पोटात शिरून काम करतात. मोठं अपडेट आलं, पोटातलं काही हललं, की ह्यांचा पाय घसरतो. मी असलंच एक टाकलं होतं (नाव घेत नाही, चूक माझीच), आणि संक्रांतीच्या आठवड्यात, दुकानात बाहेरगावची पार्टी बसलेली, टॉवेलचे गठ्ठे बांधून तयार, आणि खालची पट्टी येतीय जातीय, येतीय जातीय. अण्णांनी बिल हातानं लिहिलं आणि पार्टीसमोर मला एक शब्द पण बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

असं झालंच तर घाबरू नका. लॉगिनच्या स्क्रीनवर पॉवरच्या चिन्हावर जा, शिफ्ट धरून 'रिस्टार्ट' दाबा, निळी स्क्रीन येईल, 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'सिस्टिम रिस्टोअर', आणि आपला पॉइंट निवडा. इथंच ती ४८ आकडी की लागू शकते. माझं मत सरळ आहे, धंद्याच्या मशीनवर ओपन-शेलच्या पुढं जाऊ नका, घरी हौस म्हणून काय पण करा.

गॅजेट. डेस्कटॉपवरचं घड्याळ आणि कॅलेंडर. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणानं ती बंद करायला सांगितली होती. कुठल्या तरी साइटवरनं परत आणू नका. भिंतीवर कालनिर्णय आहे की.

आणि कुणी पेनड्राइव्हवर 'तयार केलेलं विंडोज, आधीच ७ सारखं' देतो म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. आत काय शिवलंय ते त्याला पण माहीत नसतं.

११) अपडेटचं काय करायचं

बंद करू नका. पण सीझन असेल तेव्हा सेटिंग्स, 'विंडोज अपडेट' मध्ये 'पॉज' आहे, एकदोन आठवडे थांबवता येतं, जास्तीत जास्त पाच. मी आता यात्रेच्या आधी दोन आठवडे थांबवतो आणि नंतर एखाद्या रविवारी स्वतः बसून अपडेट मारतो. झालं की चारच गोष्टी बघायच्या: स्टार्ट उघडतोय का, बटणांवर नावं आहेत का, विजेट परत आलाय का, शिफ्ट राइट क्लिक चालतंय का. विजेट कधीकधी परत येतो, तेव्हा पायरी ४.

परवा असाच अपडेट मारून मी चहा प्यायला बाहेर गेलो, परत आलो तर अण्णा टॅलीत एंट्री मारत होते. मी विचारलं, सगळं बरोबर आहे का? तर म्हणाले, "ते जाऊ दे, प्रिंटर हलवून ठेवलास का बे तू?"